निओप्टोलेमसचा दोष कोणता? ग्रीक शोकात्मिकेतील द्विधा नायकाविषयी एका नटाला उत्तर

आपली अडचण मला अशी समजली आहे. आपण नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमातील वार्षिक प्रयोगासाठी सोफोक्लीज या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘फिलोक्टीटीस’ या शोकात्मिकेत निओप्टोलेमसची भूमिका करीत आहात. शोकात्म नायकाच्या स्वभावात एक घातक दोष असतो आणि त्या दोषापायी त्याचा नाश होतो, असे आपल्याला वर्गात शिकवले गेले आहे. परंतु निओप्टोलेमसचा नाशही होत नाही आणि त्याच्यात असा एक ठळक दोषही हाती लागत नाही. तो आधी फसवतो, मग कबुली देतो, मग बराच वेळ गप्प उभा राहतो आणि शेवटी केलेले सगळे फिरवतो. म्हणून आपण विचारले आहे की त्याला सज्जन समजून भूमिका उभी करावी की लबाड समजून, आणि मुळात या नाटकाचा नायक तो आहे की फिलोक्टीटीस. मी गेली बावीस वर्षे विद्यार्थ्यांबरोबर आणि हौशी नटसंचांबरोबर नाटके बसवत आलो आहे. हे नाटक दोनदा बसवले आणि पहिल्या वेळी ते नेमके आपण जिथे अडला आहात तिथेच माझ्या हातून बिघडले. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ट्रॉय नगर जिंकायला निघालेल्या ग्रीकांपैकी फिलोक्टीटीसला वाटेत साप चावला, जखम चिघळली, तिच्या दुर्गंधीमुळे आणि त्याच्या किंकाळ्यांमुळे ग्रीक सैन्याला यज्ञविधीही धड करता येईनात, तेव्हा ग्रीकांच्या ओडिसियस या सरदाराने त्याला लेम्नॉस बेटावर एकटे टाकून दिले. त्याच्यापाशी उरले ते फक्त हेराक्लीजने दिलेले, नेम न चुकणारे धनुष्य. दहाव्या वर्षी भविष्यवाणी कळते की त्या धनुष्याशिवाय आणि त्या माणसाशिवाय ट्रॉय पडणार नाही. ओडिसियस स्वतः समोर गेला तर बाण खाईल, म्हणून तो युद्धात पडलेल्या अकिलीस या ग्रीक वीराच्या तरुण मुलाला, निओप्टोलेमसला, पुढे करतो: ग्रीकांनी माझ्या वडिलांची शस्त्रे मला नाकारली, मी रागावून घरी निघालो आहे, असे खोटे सांगून त्या आजाऱ्याचा विश्वास मिळवायचा.

माझ्या मते आपल्या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ग्रीक शोकात्मिकेत नायकाच्या मनातील द्विधा ही एक गोष्ट आहे, आणि नायकाविषयी प्रेक्षकाच्या मनात उत्पन्न होणारी द्विधा ही दुसरी. दोन्हींना आपण सर्रास ‘द्विधा नायक’ म्हणतो. पण नटाला त्या दोन्हींसाठी अगदी उलट प्रकारचे काम करावे लागते.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आधी घेतो, कारण ते अधिक दुर्लक्षित आहे. सोफोक्लीजचाच एजॅक्स पाहा. अकिलीसची शस्त्रे आपल्याला न देता ओडिसियसला दिली म्हणून तो रात्री आपल्याच सेनापतींचे गळे कापायला निघतो, अथीना देवी त्याच्या डोळ्यांवर भ्रम घालते आणि तो गुरेढोरे कापून काढतो. शुद्धीवर आल्यावर त्याला लाज वाटते ती खून करायला निघाल्याची नव्हे, तर तो साधला नाही आणि आपले हसे झाले याची. या माणसाचे स्वतःविषयीचे मत ढळत नाही. तरीही त्याने तलवारीवर अंग टाकल्यानंतर त्याचा वैरी ओडिसियसच त्याला सन्मानाने मूठमाती मिळावी म्हणून भांडतो, आणि आपल्याला ते पटते. गोंधळ एजॅक्सच्या मनात नाही, आपल्या मनात आहे. ‘नायक’ हा आपला शब्द ‘नेणारा’ या अर्थाचा असल्यामुळे आपण त्याच्यात नेतृत्व आणि चांगुलपणा शोधू लागतो. ग्रीक लोकांचा ‘हीरोस’ मात्र असा सामर्थ्यवान मृत पुरुष होता, की ज्याच्या थडग्यापाशी बळी आणि नैवेद्य दिला जाई, कारण तो कृपा करू शकत असे आणि कोपही करू शकत असे. कोलोनस या अथेन्सजवळच्या गावी आलेला हद्दपार म्हातारा राजा इडिपस स्वतःच्या मुलाला भयंकर शाप देतो आणि त्याच इडिपसची गुप्त समाधी अथेन्सचे रक्षण करणार असते. सोफोक्लीजला यात विसंगती दिसत नाही.

पहिल्या प्रकारात नायक स्वतःच दुभंगतो. एस्किलसच्या इ.स.पू. ४५८ मधील नाट्यत्रयीच्या दुसऱ्या नाटकात बापाच्या खुनाचा सूड घ्यायला आलेला ओरेस्टीस तलवार घेऊन खुनी आईसमोर उभा असतो, ती त्याला दूध पाजलेली छाती दाखवते, आणि तो थबकून मित्राला विचारतो, “पिलाडीज, मी काय करू?” पिलाडीज संपूर्ण नाटकात मूक असतो, इथे तो तीन ओळी बोलतो, अपोलोच्या वाणीची आठवण करून देतो आणि पुन्हा गप्प होतो. मराठी वाचकाला अशा जागी अर्जुन आठवणे स्वाभाविक आहे, पण तुलना फार पुढे नेऊ नये. पिलाडीजच्या उत्तराने ओरेस्टीसची शंका फिटत नाही, फक्त हात चालतो, आणि त्यानंतरच सूडदेवता त्याच्या मागे लागतात. युरिपिडीजची मेडिआ (इ.स.पू. ४३१) एकाच भाषणात मुलांना मारण्याचा निश्चय करते, मोडते, पुन्हा करते, आणि जे करणार आहोत ते किती वाईट आहे हे जाणूनच ते करायला जाते. तिथे मन फिरताना ऐकू येते, आणि नटीला ते प्रत्येक वळण वेगळे दाखवावे लागते.

‘फिलोक्टीटीस’ या नाटकाचे मोठेपण माझ्या दृष्टीने यात आहे की त्यात हे दोन्ही प्रकार समोरासमोर उभे केले आहेत. फिलोक्टीटीस हा न वाकणारा. त्याची कीव येते, त्याच्या हट्टाचा राग येतो आणि त्याच्यापुढे मान लवते, हे सारे एकाच वेळी होते. निओप्टोलेमस हा आतून दुभंगणारा. म्हणून ‘नायक कोण’ या प्रश्नाचा निकाल आपण आपल्या भूमिकेपुरता लावू नये. दोघांपैकी एकालाच नायक ठरवले की दुसरा त्याचा साहाय्यक होतो आणि नाटक एका बाजूला कलते.

आता दोषाविषयी. ॲरिस्टॉटल आपल्या काव्यशास्त्रात म्हणतो की शोकात्मिकेचा नायक सद्गुणाचा पुतळा नसावा आणि दुष्टही नसावा. तो आपत्तीत सापडावा तो काही ‘हामार्तिया’मुळे. या शब्दाचे ‘घातक दोष’ हे भाषांतर पाठ्यपुस्तकांतून इतके रुजले आहे की मुले इडिपसचा राग, क्रिऑनचा अहंकार अशी एका ओळीची उत्तरे पाठ करतात. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे, चूक करणे असा आहे. ॲरिस्टॉटल मुख्यतः कृतीविषयी बोलतो, स्वभावातील एखाद्या डागाविषयी नव्हे. शिवाय ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पू. ३८४ चा, म्हणजे सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. नाटककाराने त्याचा नियम समोर ठेवून लिहिले असेल हे शक्यच नाही.

आपल्यासाठी याहून उपयोगाची गोष्ट अशी की हा शब्द निओप्टोलेमस स्वतः उच्चारतो. धनुष्य परत करायला तो निघतो तेव्हा ओडिसियस त्याला अडवतो, आणि हा मुलगा सांगतो की माझ्या हातून लाजिरवाणी हामार्तिया झाली आहे, ती मी मागे घेण्याचा प्रयत्न करणार आहे. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आपण ‘सुटका नसलेला दोष’ असा शिकलो, तोच शब्द इथे ‘दुरुस्त करता येण्याजोगी चूक’ या अर्थाने येतो. ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात या निओप्टोलेमसचा दाखला दिला आहे: ठरवलेल्या गोष्टीवरून ढळणे नेहमीच दुबळेपणाचे नसते, हा ढळला तो खोटे बोलण्याचे त्याला दुःख झाले म्हणून, आणि ते स्तुत्य आहे. आपल्या शिक्षकांशी बोलताना हा दाखला जरूर द्यावा. दोष शोधण्याऐवजी कृती शोधावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ती कृती धनुष्याभोवती फिरते. पहिल्या वेळी माझ्याकडून चूक झाली ती अशी, की ‘तू द्विधा आहेस’ असे मी नटाला सांगितले आणि त्याने द्विधा दाखवली. तो फेऱ्या मारायचा, कपाळावर हात घ्यायचा, प्रत्येक ओळीआधी उसासा टाकायचा. मेहनती मुलगा होता, सांगितले ते त्याने प्रामाणिकपणे केले. पण प्रेक्षकांना दिसला तो कशाचाच निर्णय न घेऊ शकणारा एक कमकुवत पोरगा. ग्रीक नट मुखवटा घालून डायोनिससच्या उघड्या रंगमंडळात हजारोंसमोर उभा राहत असे, त्याला चेहऱ्यावरची चलबिचल उपलब्धच नव्हती. सोफोक्लीजने ती चलबिचल दुसरीकडे ठेवली आहे: वस्तूत, अंतरात, आवाजात आणि मौनात.

दुसऱ्या वेळी आम्ही तालमीत फक्त एकच प्रश्न विचारायचा असे ठरवले: या क्षणी धनुष्य कोणाच्या हातात आहे, आणि ते दुसऱ्याच्या हातात जायला किती पावले उरली आहेत? आम्ही वेताचे धनुष्य करून घेतले, सुती दोरी लावली आणि पहिल्या दिवसापासून ते तालमीत आणले, तात्पुरती काठी वापरली नाही. वेदनेचा झटका येतो तेव्हा फिलोक्टीटीस ते निओप्टोलेमसच्या हाती देतो आणि देताना सांगतो की मत्सराला नमस्कार कर, म्हणजे माझ्यासारखे तुझे होऊ नये. आपल्याकडे कुणाची दृष्ट लागू नये म्हणून जपतात, तीच भावना इथे आहे. ज्याला हा मुलगा फसवतो आहे, तोच त्याची दृष्ट काढल्यासारखे बोलतो! आमच्या नटाने त्या ओळीनंतर अंगठा दोरीखाली घातला आणि झोपेचा सगळा प्रसंग संपेपर्यंत तो काढला नाही. दोरीचा लाल वळ त्याच्या अंगठ्यावर उठलेला मला पहिल्या रांगेतून दिसत होता. मी त्याला हे सुचवले नव्हते, आणि मग मी त्यात हातही घातला नाही.

यानंतरचा क्षण हा आपल्या भूमिकेचा कणा आहे. फिलोक्टीटीस झोपतो, खलाशांचा कोरस, म्हणजे गाणारा समूह, म्हणतो की धनुष्य मिळाले, आता निघूया. निओप्टोलेमस नकार देतो आणि त्याच्या ओळींचा छंदच बदलतो, महाकाव्याचा होतो, जणू भविष्यवाणीच त्याच्या तोंडून बोलते: माणसाशिवाय धनुष्य व्यर्थ आहे. मग फिलोक्टीटीस जागा होतो, हा मुलगा आपल्याला टाकून गेला नाही हे पाहून भारावतो, आणि त्याच्या आधाराने उठतो. आमच्या प्रयोगात मुलाच्या एका हातात धनुष्य होते आणि दुसऱ्या खांद्यावर त्या माणसाचा सगळा भार. इथे निओप्टोलेमसच्या तोंडून शब्द निघतो: “पापाइ!” ग्रीकमध्ये हा निव्वळ वेदनेचा उद्गार आहे, आणि थोड्याच वेळापूर्वी जखमेने कळवळताना फिलोक्टीटीस तोच उद्गार पुन्हा पुन्हा काढत होता. शारीरिक कळ आता मनाच्या कळेच्या रूपाने दुसऱ्याच्या तोंडी आली आहे. पाठोपाठ तो विचारतो, “आता मी काय करू?” फिलोक्टीटीसला वाटते की माझ्या जखमेची याला किळस आली, आणि उत्तर मिळते की माणूस स्वतःचा स्वभाव सोडून न शोभणारे करू लागला की सगळ्याचीच किळस येते. आपल्या भूमिकेविषयी ‘सज्जन की लबाड’ हा प्रश्न मला या ओळीपाशी संपतो. तो लबाड नाही आणि भोळाही नाही. सुरुवातीलाच ओडिसियसला त्याने सांगितले होते की वाईट मार्गाने जिंकण्यापेक्षा चांगल्या मार्गाने हरणे मला पसंत आहे, आणि त्यानंतर थोड्याच ओळींत लाज बाजूला ठेवून हे करीन असेही तोच म्हणाला होता. दोन्ही वाक्ये त्याने मनापासून उच्चारलेली आहेत. तालमीत ती दोन्ही तितक्याच खरेपणाने म्हणावीत. पहिले वाक्य म्हणतानाच दुसऱ्याची पूर्वसूचना देऊ नये.

पुढे कबुली होते, “काय करू” हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, शेवटी तो खलाशांकडे वळून विचारतो, “काय करायचे, मित्रहो?”, आणि ती ओळ पूर्ण होण्याआधीच, त्याच ओळीच्या उरलेल्या अर्ध्या भागात, ओडिसियस आत घुसतो: “नीचा, काय करतो आहेस?” एका ओळीचे दोन तुकडे दोन पात्रांत वाटलेले आहेत, म्हणून इथे श्वासाचाही विराम नको. यानंतर निओप्टोलेमस सुमारे शंभर ओळी एक शब्दही बोलत नाही. पुष्कळ संहितांत हा भाग कापतात, कारण ‘नायक नुसता उभा आहे’ असे दिग्दर्शकाला वाटते. आपल्या संहितेत तो कापलेला असेल तर दिग्दर्शकांना विनंती करून परत घ्यावा. समोर फिलोक्टीटीस शिव्याशाप देतो आहे, ओडिसियस हुकूम सोडतो आहे, आणि ज्या वस्तूवरून हे सारे चालले आहे ती आपल्या हातात आहे. आपण काही दाखवण्याची गरज नाही. आमच्या नटाला मी दोनच सूचना दिल्या होत्या: धनुष्य खाली टेकायचे नाही, आणि बोलणाऱ्याकडे न पाहता ज्याच्याविषयी बोलले जाते आहे त्याच्याकडे पाहायचे. शंभर ओळी धनुष्य उचलून धरल्यावर हात खरोखरच थरथरतो, आणि तो थरथर अभिनयाने आणलेला नसतो.

ओडिसियस खलनायक नाही, हे मात्र नट विसरतात. सैन्य दहा वर्षे अडकले आहे, त्याला निकाल हवा आहे. हे नाटक इ.स.पू. ४०९ चे, सोफोक्लीज तेव्हा ऐंशी ओलांडून गेलेला, आणि अथेन्स इ.स.पू. ४३१ पासून कमीअधिक सलग लढते आहे. ज्या डायोनिससच्या उत्सवात अशी नाटके होत, त्याच उत्सवात युद्धात बाप गमावलेल्या, नगराने वाढवलेल्या मुलांना वयात आल्यावर शस्त्रे देऊन रंगमंडळात सर्वांसमोर आणण्याची प्रथा होती. निओप्टोलेमस हा युद्धात बाप गमावलेला, बापाच्या शस्त्रांविषयी बोलणारा तरुण आहे. तो कोणाकडे पाहून शिकणार, हा प्रश्न प्रेक्षकांत बसलेल्या बापांचा होता. फिलोक्टीटीस आणि ओडिसियस हे दोघेही त्याला बापाच्या जागी भेटतात.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांविषयी मी दुरून निर्णय देणार नाही. आपले भाषांतर इंग्रजीवरून केलेले असेल तर ‘पापाइ’ बहुधा ‘अरेरे’ झाला असेल आणि दोन उद्गारांतले नाते पुसले गेले असेल. तसे असल्यास दोन्ही ठिकाणी एकच मराठी उद्गार ठेवावा, ‘आई गं’ चालेल, फक्त तो दोघांच्या तोंडी सारखाच असावा. रंगमंच लहान आणि प्रेक्षक जवळ असतील तर मौन अधिक स्थिर ठेवता येईल. मोठ्या सभागृहात फिलोक्टीटीसपासूनचे अंतर बदलत ठेवावे लागेल. आपले वय फिलोक्टीटीस करणाऱ्या नटाइतकेच असेल, जे विद्यार्थी नाटकात नेहमीच होते, तर तरुणपण आवाज पातळ करून दाखवू नका. वडीलधाऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून मगच बोलण्याची शिस्त पाळली तरी ते दिसते. मूळ ग्रीक हस्तलिखितांत रंगसूचना जवळजवळ नसतातच, त्यामुळे आपल्या पुस्तकातील कंसांतल्या सूचना भाषांतरकाराच्या आहेत. त्या पटल्या तर पाळाव्यात.

राहिला शेवट, ज्याविषयी आपण ‘देव येऊन सगळे सोडवतो, मग द्विधेला अर्थ काय’ असे विचारले आहे. क्रम नीट पाहा. निओप्टोलेमस धनुष्य परत देतो, खरेपणाने समजावतो, त्या समजावण्याने न वाकणारा फिलोक्टीटीसही क्षणभर हलतो आणि त्याच्याही तोंडी तेच शब्द येतात, “काय करू?” तरी तो नकार देतो. तेव्हा निओप्टोलेमस दिलेला शब्द पाळायचे ठरवतो: ट्रॉय नाही, कीर्ती नाही, मी तुला घरी नेतो. दोघे एकमेकांना धरून चालू लागतात. माणसांचा निर्णय झालेला आहे, आणि त्यानंतर देव झालेला हेराक्लीज येतो. द्विधा देवाने सोडवलेली नाही. ती आधीच सुटली होती, इतिहासाला नको त्या दिशेने. ग्रीक नाटकात बोलणारे नट तीनच असल्यामुळे ओडिसियस आणि हेराक्लीज ही दोन्ही कामे बहुधा एकाच नटाकडे असावीत. आपल्या दिग्दर्शकांना हे सांगून पाहा, कारण तोच आवाज उंचावरून पुन्हा ट्रॉयला जा म्हणतो तेव्हा अंगावर काटा येतो.

हेराक्लीज दोघांना ट्रॉयला पाठवतो आणि जाता जाता बजावतो की नगर लुटाल तेव्हा देवांचा मान राखा. अथेन्सच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते की हाच निओप्टोलेमस ट्रॉय पडल्यावर तिथल्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, झ्यूसच्या वेदीवर ठार मारणार आहे. त्यानंतर निओप्टोलेमसला उरते ती होकाराची एकच छोटी ओळ. आमच्या नटाने ती पहिल्या प्रयोगात आनंदाने म्हटली, दुसऱ्यात आज्ञाधारकपणे. तिसऱ्या प्रयोगात त्याने ती म्हणण्याआधी फिलोक्टीटीसच्या हातातल्या धनुष्याकडे पाहिले, आणि पुढचे सगळे प्रयोग आम्ही तसेच केले.